मांजरीकडच्या बाई

आमच्या घरात मांजर आणायचं ठरलं ते मुलीच्या हट्टापायी. ती पाच वर्षांची, भाऊ तीनचा. मैत्रिणीकडे मांजर आल्यापासून ही जेवताना तोंड उघडायची ते फक्त ‘मांजर’ म्हणायला. गल्लीत मांजरं वाट्टेल तेवढी होती. पण माझ्या सासू-सासऱ्यांना तीन मुलगे. तीन सुना पारखून आणलेली माणसं मांजर असंच कसं उचलून आणतील?

नवऱ्याने मोबाईलवर अभ्यास केला. सयामी मांजर फार बोलतं, असं त्याने जाहीर केलं. “मग नको बाई,” सासूबाई म्हणाल्या, “घरात बोलनारी एक हाय तेवढी बास,” आणि माझ्याकडे न बघता शेंगा फोडत राहिल्या. बंगाल जातीचं उड्या मारतं, ते गेलं. मेन कून वाढून आमच्या धाकट्याएवढं होतं म्हणे, खाईल किती, म्हणून तेही गेलं. उरलं पर्शियन. गोरं, गुबगुबीत, शांत, पोरांनी काहीही केलं तरी उलटून बोलत नाही. सगळ्यांना एकदम पसंत. माझी निवडही साधारण याच मुद्द्यांवर झाली होती, गुबगुबीतपणा सोडून.

भिंगारला एका बाईंकडे पर्शियनची पिल्लं होती. रविवारी आम्ही सगळे गेलो. सासूबाई ठेवणीतली साडी नेसल्या, सासऱ्यांनी नवी टोपी घातली. बाईंनी बिचाऱ्यांनी पोहे केले. सासऱ्यांनी बशी हातात घेत विचारलं, “हिचे आई-बाप कुठले म्हनायचे?” सासूबाईंनी एका पिल्लाला उजेडाकडे धरून डोळे पाहिले, पंजे पाहिले, मग खाली ठेवून म्हणाल्या, “हिला चालवा बरं जरा.” पिल्लू चाललं. मीही अशीच दारापर्यंत जाऊन परत आले होते.

“पसंत हाय,” सासरे म्हणाले. “कधी न्यायची?”

“आधी मी घर बघायला येते,” बाई म्हणाल्या.

“या की! बोअरला बारमाही पानी हाय.”

सासऱ्यांना हे नवीन नव्हतं. माझे बाबाही घर बघायला आले होते. गच्ची, टाकी, बोअर पाहून, चहा पिऊन, हात जोडून गेले. विचारलं काहीच नाही.

या बाईंनी बोअरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि विचारायला लागल्या. “ही चिडली, नखं काढली, तर घरात हिच्या बाजूने कोण बोलणार?” सासऱ्यांनी टोपी सारखी केली. “आजारी पडली तर दवाखान्यात नेणार, की आपोआप बरी होईल म्हणून वाट बघणार?” नवऱ्याला मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. “शेपूट ओढणाऱ्याला रागावणार, की हिलाच समजून घ्यायला सांगणार?” धाकट्याने दोन्ही हात मागे लपवले. मी ओट्याशी उभी होते, दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

मुलीला वाटलं, मांजर हातचं गेलं. ती रडवेली होऊन म्हणाली, “मी बोलेन तिच्या बाजूने.”

बाई तिच्याकडे वळल्या. “मग देते. पण मी मधूनमधून येईन, आणि कळवून येणार नाही. ती सुकलेली दिसली तर उचलून घेऊन जाईन. तेव्हा लोक काय म्हणतील, ते मला सांगायचं नाही.”

“व्हय, व्हय, या की,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचंच घर हाय.”

माझ्या माहेरच्या कुठल्याच माणसाला त्या इतक्या चटकन असं म्हणाल्या नव्हत्या. खरं सांगते, मला त्या पिल्लाचा हेवा वाटला, आणि बाबांचा राग आला. बाबा आजही यायचे असले की आधी फोन करून विचारतात, येऊ का म्हणून. अकोले तालुक्यातून तांदळाची पिशवी घेऊन येतात, सोफ्याच्या कडेला टेकतात आणि निघताना सासऱ्यांना म्हणतात, “पोरीला सांभाळून घ्या.”

पिल्लू घरी आलं त्या संध्याकाळी मी त्यांना फोन लावला.

“बाबा, एकदा न कळवता या.”

ते घाबरले. “का गं, काय झालं?”

“काही झालं नाही. मला बघायला या.”