भाऊचं बांधलेलं चाक

भाऊ गेला तेव्हा वहिनींनी मला विचारलं, त्याच्या वस्तूंतलं काही हवं का. मी नको म्हणालो. मला जी वस्तू घ्यावीशी वाटली असती ती मीच त्याच्याकडून काढून घेतली होती, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका दसऱ्याला. आणि काढून घेताना मला वाटत होतं की मी त्याला काहीतरी देतो आहे.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी गावात पाटीवर अक्षरं गिरवत होतो तेव्हा तो खानदेशातून सुरतेला आला आणि मागांच्या कारखान्यांत बीम सांधायला लागला. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नवा चढवतात. त्या नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला बोटांनी पीळ देऊन जोडायचा असतो. एका बीमला हजारो धागे. काम बसून करायचं, पण ते एका जागी नसतं. आज बमरोली, उद्या भेस्तान, परवा पार लांबचं सचिन गाव. जिथे बीम संपेल तिथून निरोप येणार आणि जो आधी पोचेल त्याला काम मिळणार. त्यामुळे भाऊच्या धंद्याला बोटांइतकीच सायकल लागायची.

लहानपणी तापात भाऊचा डावा पाय गेला होता. हे वाक्य आज मी सहज लिहिलं, पण आमच्या घरात ते कुणी कधी उच्चारलं नाही. आईनं तशी शिस्तच लावली होती. गावात कुणी वावगा शब्द काढला तर ती त्याच्या दारात जाऊन नुसती उभी राहायची. त्याच्या मनात काय यायचं कोण जाणे, पण तो माणूस पुन्हा बोलायचा नाही. घरात भाऊसाठी सगळं केलं जायचं. उंच पाट असायचा, बरोबर चालणारा आपली चाल कमी करायचा, विहिरीवरून पाणी दुसरं कुणी आणायचं. फक्त का, ते म्हणायचं नाही. आम्हाला ती माया वाटायची. असेलही.

मी डी.एड. होऊन सुरतेत मराठी प्राथमिक शाळेत लागलो आणि भाऊच्या खोलीत राहायला आलो. तेव्हा ती सायकल मी पहिल्यांदा जवळून पाहिली. काळी, जुनी, चोवीस इंची. तिचं पायडल कधी थांबत नसे. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. उतारावरही भाऊला पाय स्वस्थ ठेवता येत नसत. हातानं ढकलत नेली तरी पायडलं गरगर फिरायची आणि नडगीवर बसायची. मला दोनदा बसली. डाव्या पायडलला मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा एक तुकडा बांधलेला होता. त्यात तो पाऊल अडकवायचा. चढताना ओट्याच्या कडेला सायकल टेकवायचा, आधी पट्टा, मग सीट, मग भिंतीला हातानं रेटा.

दर रविवारी सकाळी तो सायकल गोणपाटावर उलटी करायचा. चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशनं कडी न् कडी घासायची, पुसून तेलाचा एकेक थेंब द्यायचा. मग चाक बसवण्याचं खरं काम. मागच्या चाकाचे नट अर्धवट सैल ठेवून तो पायडल हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चेन मधोमध दाबून बघत राहायचा. पुढचं दातेरी चक्र पुरतं गोल नसतंच, म्हणून चेन एका जागी जास्त ताणली जाते. ती जागा सापडली की तिथे खडूची खूण. त्या जागी चेन बोटभर दबली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. मग लाकडाच्या तुकड्यानं चाकाला हलकी टिचकी, पुन्हा बोट, पुन्हा टिचकी. तास जायचा.

"एवढं काय त्यात?" मी एकदा पुस्तकातून मान वर करून विचारलं.

"मास्तर, सैल ऱ्हायनी तं उतरी जाई. मंग चाक जागावरच धरी लेस आनि मना नाव तुना शाळाना फळावर, श्रद्धांजलीमा." तो हसला. मीही हसलो आणि पुन्हा पुस्तकात गेलो.

मी त्या सायकलचा जो अर्थ लावला तो असा. हिचं फ्रायवेल, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी मागची चकती, कधीतरी जाम झालं आहे. बदलायला भाऊला कधी जमलं नाही, कारण माझी फी होती, वसतिगृह होतं, पुस्तकं होती. माझ्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं मोडकी सायकल ओढली. मी वाचणारा माणूस. मला माणसांच्या वस्तूंत त्याग दिसायचा आणि तो दिसला की मला फार भरून यायचं. विचारायचं मात्र सुचलं नाही. विचारलं असतं तर बोलणं सायकलवरून पायावर गेलं असतं, आणि तिथे जायची आमच्याकडे वाट नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ गल्लीतच एका कारखान्यात बीमवर बसला होता. तेवढ्यात मी सायकल पांडेसरा भागातल्या मेकॅनिककडे नेली. तो जौनपूरकडचा होता. त्यानं मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवलं, तर चाकही उलटं फिरलं.

"मास्टरजी, इसका फ्रायवेल तो कब का मर गया. आपका भाई चलाता कैसे है?"

मला लाज वाटली. "नया डाल दो," मी म्हणालो. "सब नया."

त्यानं छिन्नी लावली. जरा वेळानं म्हणाला, "अरे, इसमें तो किसी ने वेल्डिंग मारा है. पूरा भर दिया है पीतल से. ऊपर से कड़ी भी कसी है." आणि हसून, "गरीब आदमी का जुगाड़."

त्या क्षणी मला कळायला हवं होतं. जाम झालेल्या वस्तूत कुणी पितळ ओतत नाही, वरून कडी कसत नाही. पण गरीब हा शब्द माझ्या अर्थात इतका चपखल बसला की मी पुढचा विचार केला नाही. नवं फ्रायवेल, नवी चेन, नवी पायडलं, मुठी, घंटी. चामडी पट्टा त्यानं कापून कचऱ्यात टाकला. मी पाहत होतो.

दसऱ्याला वहिनींनी सायकलला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. भाऊनं पायडलला हात लावला आणि उलटं फिरवलं. टिकटिकटिक असा आवाज झाला. त्यानं पुन्हा फिरवलं. मला वाटलं त्याला तो आवाज आवडला.

"मस्त शे," तो म्हणाला.

"भाऊ, चक्कर मारा ना!" शेजारचे ओरडले. "आज तं नवरदेव दिसी राह्यनात!"

धाकट्यानं पहिल्या पगारातून हौसेनं केलेली वस्तू, वरून पूजा झालेली. अशी वस्तू मोठा भाऊ परत करू शकत नाही. तो ओट्यावरून चढला आणि गल्लीला एक चक्कर मारून आला. उजवा पाय खाली दाबायचा, मग पायडल उलटंच वर आणायचं, पुन्हा दाबायचं. अर्धं अर्धं पायडल. डावा पाय बाजूला लोंबत होता. शेजारी टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

त्यानंतर महिन्याभरात भाऊचं सचिनला जाणं थांबलं. मग भेस्तानचंही. निरोप यायचे. तो म्हणायचा, आज बरं नाही, दुसऱ्याला सांगा. दिवाळीनंतर त्यानं घरामागच्या कारखान्यात बॉबिन भरायच्या मशीनवर काम धरलं. दिवसभर एका जागी. जाताना सायकल न्यायचा, पण हातात धरून. मला वाटलं, आता घरात दुसरा पगार आला, म्हणून त्यानं जरा आराम घेतला. मला तेव्हा समाधानच वाटलं हे मी लपवणार नाही.

मला सांगितलं वहिनींनी. एका दुपारी त्या भाकरी थापत होत्या आणि मी म्हणालो, "नवी सायकल असून भाऊ चालतच का जातो?"

त्यांनी हात थांबवला नाही. "भाऊजी, ते चाक बिघडेल नव्हतं. मुद्दाम करेल व्हतं."

मग त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. सुरतेला आल्यावर दोन वर्षं भाऊ पायी हिंडला होता. साध्या सायकलवर डावा पाय वर गेला की तिथेच राहायचा, त्याच्यानं खाली रेटला जायचा नाही. अर्ध्या पायडलनं सपाटीवर निभायचं, पण रेल्वेखालच्या भुयारी वाटेतून, गरनाळ्यातून, वर यायच्या चढावर सायकल थांबायची आणि तो पडायचा. तेव्हा त्यानं कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून फ्रायवेल भरून घेतलं. मग चाकच पायडल फिरवायचं आणि पायडल डाव्या पायाला घेऊन फिरायचं. पट्ट्यामुळे पाऊल सुटायचं नाही. गरनाळ्याच्या उतारावर जो वेग यायचा तोच त्याला समोरच्या चढावर नेऊन सोडायचा. तो त्याला 'बांधेल चाक' म्हणायचा. त्या चाकावर त्यानं वहिनींना घर करून दिलं आणि मला शिकवलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारं का?" त्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली. "आनि इचारेल असतं तरी मी सांगेल नसतं. हाई बी खरं."

मी दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. जुनं लोखंड भंगारात गेलं होतं. तसं दुसरं करून घ्यायला किती वेळ लागला असता? एक दिवस. पण ते घरी नेलं असतं तर मला कळलं आहे हे भाऊला कळलं असतं. मग त्याला पायाबद्दल बोलावं लागलं असतं, किंवा मला. मी आज-उद्या करत राहिलो. सुरतेतल्या प्लेगचं वर्ष आलं आणि गेलं. माझं लग्न झालं. असं करत चार वर्षं गेली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी याला भ्याडपणा म्हटलं असतं.

शेवटी केलं. एका वेल्डरकडे बसून फ्रायवेल भरून घेतलं, कडी कसली, चामड्याचा पट्टा बांधला आणि सायकल ओट्याला टेकवून ठेवली. भाऊ कामावरून आला. पायडल उलटं फिरवून बघितलं. टिकटिक झाली नाही, चाकच मागे फिरलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. गोणपाट मागितलं.

सायकल उलटी करून त्यानं चेनवर बोट ठेवलं. "बहु ताणेल शे," म्हणाला. मग खडू, टिचकी, बोट. मी पाना धरून बसलो होतो. पायडलचा दांडा घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनवर लाकूड ठेवून त्यानं दोन घाव घातले, कारण अशा सायकलला दोन्हीकडून रेटा बसतो आणि कॉटर लवकर ढिली होते. हे त्यानं मला समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी वाट पाहत होतो की आता तो ओट्याकडे नेईल.

त्यानं नेली नाही. उभं राहताना त्यानं उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला. चार वर्षं सगळा भार त्याच पायावर होता. तो सुजला होता.

"आते मनाकडथून नई व्हवाव," तो म्हणाला. आता माझ्यानं व्हायचं नाही. मग म्हणाला, "भेस्तानले एक पोऱ्या शे, नवा लागेल शे बीमवर. त्याले बलावं."

तो पोऱ्या म्हणजे पंचविशीचा माणूस होता, बायको-मुलाचा. रविवारी आला. डाव्या हातानं मांडी रेटत चालत आला. भाऊनं त्याला ओट्यावर घेतलं, पट्ट्यात पाऊल अडकवलं आणि अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाला, "मना पाय बी असाच शे. तू उचलू नको. चाक उचली. तू नुसता बसी ऱ्हाय."

मी तिथेच होतो, दोन हातांच्या अंतरावर, हवेचा पंप धरून. मी चाळीस मुलांना दिवसभर प्रश्न विचारत असे. एका परक्या माणसाला भाऊनं ते वाक्य दोन मिनिटांत दिलं.

तो माणूस आधी घाबरला, मग गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि वळून आला. त्याचा डावा पाय वर-खाली होत होता. तो खाली मान घालून आपल्या पायाकडेच बघत होता. भाऊ म्हणाला, "पुढे देख रे, पुढे!" मग सायकल घेऊन तो माणूस भेस्तानला गेला.

संध्याकाळी मी भाऊला विचारलं, "तू मला तेव्हाच का नाही बोललास?"

"सवाल इचारानं काम तुनं शे, मास्तर," तो म्हणाला. "मी तं धागा जोडस." तो हसला, पण ते त्यानं नुसतं थट्टेनं म्हटलं नव्हतं हे मला दिसलं. मग म्हणाला, "तू किती हौसनं आणेल व्हती." यापुढे आम्ही त्या विषयावर बोललो नाही. तो त्यानंतर बरीच वर्षं जगला, बॉबिनच्या मशीनवर आणि मग घरात. सचिनचा रस्ता त्यानं पुन्हा एकट्यानं केला नाही.

पुढच्या रविवारी मला भेस्तानला धाडताना त्यानं पाना आणि खडू हातात दिला. चेन आठवड्यात सैल होते, म्हणाला. मी त्या माणसाच्या दारात सायकल उलटी केली, बोटानं चेन दाबली, घट्ट जागा शोधली. मला ती सापडायला पाऊण तास लागला. चाक बसवल्यावर तो सीटवर चढला आणि मी त्याला विचारलं, "डावा पाय वर जातो तेव्हा कुठे दुखतं?"

"जांघेत," तो लगेच म्हणाला. "सीट जरा खाली पाहिजे."

मी सीट बोटभर खाली केली.