उजवी सोंड, डावी सोंड आणि वामनकाका

ग्रुपचा ॲडमिन झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाकीचे लोक सकाळी उठून पेपर वाचतात, मी भांडणं वाचतो! हिंगणघाटच्या आमच्या भजन मंडळाचा ग्रुप. मंडळी तशी साधी, मायाळू. पण मोबाईल हातात आला की एकेकाच्या अंगात येतं.

शालिनीताईंना टाइप करता येत नाही, त्या फोनमध्ये बोलतात आणि फोन लिहितो. एकदा भक्तिभावानं म्हणाल्या, "देव हाय!" फोननं तेच लिहिलं. पुण्यात नोकरीला गेलेल्या आमच्या प्रशांतनं खाली उत्तर दिलं, "देव हॅलो!"

झालं! निवृत्त मास्तर वामनकाका तुटून पडले. "देवाची टिंगल करून राह्यला काय बे?" दोन दिवस ग्रुप पेटलेला. शालिनीताई मला फोन करून विचारत होत्या, "भाऊ, मी काय वाईट बोलली जी?"

मग गणपतीत एका सभासदानं घरच्या मूर्तीसोबत सेल्फी टाकला. वामनकाकांनी लगेच लिहिलं, "उजवी सोंड! कडक सोवळं लागते. निभन काय?" बिचाऱ्याच्या बायकोनं मूर्तीकडे वळूनही न बघता, घाबरून घरातला कांदा-लसूण शेजारी देऊन टाकला. चौथ्या दिवशी प्रशांतच्या लक्षात आलं, फोटोतली मागची पाटीसुद्धा उलटी दिसतेय. सेल्फीनं डावं-उजवं फिरवलं होतं!

सगळे हसले. वामनकाका हटले नाहीत. "पाटी उलटी असन. सोंड बराबर हाय!"

गंमत म्हणजे, हे दोन वैरी सिंदीला एका लग्नात समोरासमोर आले. मी मध्ये पडायला धावलो. तर वामनकाका स्वतः उठून प्रशांतच्या ताटात वांग्याची भाजी वाढताहेत. "घे ना बाप्पा, लाजतं काऊन? किती वाळला तू पुण्यात!" प्रशांत वाकून पाया पडला. संध्याकाळी घरी पोचल्यावर दोघांनी ग्रुपवर एकमेकांना 'नास्तिक' आणि 'अंधभक्त' म्हटलं.

तेव्हापासून मला वाटतं, माणूस भांडतो ते समोरच्याशी नसतंच. पण हे ग्रुपवर कोण लिहिणार!

शेवटी परवा एकादशीवरून कडेलोट झाला. दोन पंचांगांत दोन दिवस आले होते. मी सकाळी लिहिलं, "आज एकादशी." वामनकाका म्हणाले, "चूक! उद्या." मग एकामागून एक बावीस मेसेज, आणि शेवटच्यात सगळ्यांनाच 'अडाणी' म्हणून मोकळे! दहा जणांनी मला कळवलं, "त्यांना काढा, नाहीतर आम्ही निघतो."

मास्तरांनी मला शिकवलेलं. न सांगता काढणं जिवावर आलं, म्हणून सांगायला घरी गेलो. काकांच्या पत्नी कुसुमकाकू वारल्यापासून त्या घरात पाय टाकला नव्हता, याची लाजही वाटली. वामनकाका एकटेच पाटावर बसून साबुदाण्याची उसळ खात होते.

"काका, तुमची तर उद्या ना?"

"माही उद्याच," ते म्हणाले. "आजची कुसुमची. चाळीस वर्षं भांडलो, पण तिनं कधी जिकू नाई देल्लं मले. आता दोन्ही मीच धरतो. तू बस, उसळ खा."

मी बसलो, खाल्ली. उसळीत मीठ नव्हतं. काढायचं सांगायला गेलेलो, ते न सांगताच परत आलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि स्वतःचा मोबाईल घेतला. ग्रुपवर आजवर एक अक्षर न लिहिलेली ही बाई, तिनं लिहिलं,

"एकादशी आजच हाय. तुम्हाले काई समजत नाई. अन् उसळीत मीठ टाकत जा!"

वामनकाका टाइप करताहेत, असं दिसत होतं. थांबले. पुन्हा टाइप करू लागले. आता ही बाई मार खाणार, असं धरून सगळे स्क्रीन बघत बसलेले.

पाच मिनिटांनी मेसेज आला.

"बरं."