चिठ्ठी, आचारी आणि टेकाळे सर

टेकाळे सरांनी पहिल्याच तासाला माझी कावीळ उतरवली. मला कावीळ झालेलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

भूकंपानंतर पाच-सहा वर्षांनी मी लोह्याजवळच्या आमच्या गावातून बारावीसाठी लातूरला आले. तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि घरटी एक तरी डॉक्टर होऊ घातला होता. सरांचा जीवशास्त्राचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरे. ते पत्रे भूकंपग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांचे. लोक पक्क्या घरांत गेल्यावर कुणीतरी विकले, सरांनी घेतले. आम्ही शंभरेक जण मांडीला मांडी लावून बसलो होतो, तेवढ्यात एक काटकुळा माणूस पितळी परात सांभाळत आत आला. परातीत पाणी. पहिल्या रांगेत मी. "ए पोरी, हात पुढं कर," म्हणाला. ओल्या फडक्याने माझे तळवे खसाखसा पुसले आणि परातीत बुडवले. पाणी पिवळंजर्द! शेडमध्ये एकच गलका झाला. मी रडायच्या बेतात.

"उतरली बगा कावीळ!" सर ओरडले. "किती साठली होती पोरीच्या अंगात! आता नारळ आना माझ्यासाठी."

मग त्यांनी फडकं उंच धरलं. फडक्याला आंब्याच्या सालीचा रस आणि परातीत चुन्याची निवळी, दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळं होतं. "हे मला माझ्या बापानं शिकवलं," सर म्हणाले. "लोह्याच्या रस्त्याला आमचं गाव हाय. तिथं माझा बाप कावीळ उतरवतो. उभ्या तालुक्यात नाव हाय त्याचं." हे ते अभिमानाने सांगत होते की शरमेने, ते मला त्या दिवशी कळलं नाही. आणि पुढे कळलं तेव्हा दोन्ही खरं निघालं.

सर शिकवायला लागले की त्यांच्या अंगात यायचं. फळा पुरायचा नाही, मग पत्र्यावर खडूने लिहायचे, डस्टर पत्र्यावर आपटायचे, आणि शेजारच्या शेडमधले गणिताचे सर भिंतीवर टकटक करून दाद मागायचे. विषाणूचा धडा तर त्यांचा जीव की प्राण. "जिवाणू खातो, पितो, वाढतो. ह्यो गडी काहीच करीत न्हाई! ना तोंड, ना पोट. ह्यो म्हंजे निस्ती पाकिटात घातलेली चिठ्ठी. पाकीट कुठं बी उघडत न्हाई. काविळीच्या पाकिटाला यकृताच्या पेशीचं दार सापडलं पायजे. आन् यकृताची पेशी म्हंजे लग्नघरचा आचारी. आतून चिठ्ठी आली की रांधायला घेतो. ही चिठ्ठी म्हनती, माझ्यासारख्या हजार चिठ्ठ्या कर, हजार पाकिटं कर. आचाऱ्यानं इचारावं का न्हाई, बाबा, तू कुनाची? पन न्हाई! आचारी चिठ्ठी..."

"...कुनाची ते इचारीत न्हाई!" आम्ही शंभर गळे ओरडायचो.

एकदा त्यांनी पहिल्या रांगेत खरोखरच एक चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं: 'याच्या चार नकला करा आणि शेजाऱ्यांना द्या.' ती देऊन ते मागे वळून फळ्यावर आकृती काढू लागले. पाच मिनिटांत शेडभर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या झाल्या. वह्यांची पानं फाटली, मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. सर वळून म्हणाले, "फळ्यावरची आकृती कुनी उतरवून घेतली?" कुणीच नाही. "पेशीचं असंच होतं! तिचं सोताचं काम राहूनच जातं. रक्तातला पिवळा रंग गाळून बाहेर काढायचा कुनी? डोळे पिवळे कामून होतेत, कळलं?" मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना. लहानपणी दादाचे डोळे पिवळे झाले होते तेव्हा माझ्या आईने 'उन्हाची बाधा' म्हटलं होतं, आणि इथे एक माणूस त्या पिवळ्या रंगाचा पत्ता सांगत होता.

आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगत. "आचाऱ्याला चिठ्ठी मारीत न्हाई, पोरांनो. आपलेच शिपाई येतेत आन् चिठ्ठी शिरलेल्या आचाऱ्याला झोडपतेत. पन यकृत लई चिवट. चिठ्ठ्या संपल्या की पुन्ना उभं राहातं. म्हून बहुतेक मानसं पंधरा दिवसांत, महिनाभरात सोताच बरी होतेत. आन् नारळ कुनाला मिळतो? माझ्या बापाला!"

वर्ग खो खो हसायचा. मग ते छावणीचं सांगायला घ्यायचे. भूकंप झाला तेव्हा ते नांदेडला बी.एस्सी.ला होते. कपडे वाटायला म्हणून आठ दिवसांसाठी भूकंपग्रस्तांच्या छावणीत गेले आणि टँकरमध्ये ब्लिचिंग पावडर ढवळत कितीतरी महिने राहिले. तिथे छावणीत कावीळ आली. सगळे बरे झाले, एक बाई गेली. आठवा महिना होता तिचा, गळ्यात कुणीतरी दिलेली कावीळ उतरवायची माळ होती. "घान पान्यातनं येनारी एक कावीळ असती," सर सांगायचे, "ती गड्याला लोळवून सोडून देती, पन पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत कधी कधी चार दिवसांत नेती. कामून, ते अजून कुनाला नीट कळलं न्हाई." तिथून ते घरी गेले आणि बापाशी भांडले. म्हातारा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दत्ता, पोटुशीला माळ देनार न्हाई. शब्द हाय माझा."

हा शब्द पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक झाला. घोळ त्यातूनच झाला.

दिवाळीनंतर गावचा एक जण आला, त्याच्या हाती दादाने निरोप पाठवला होता. वहिनीला कावीळ झाली होती ती उतरते आहे, लोह्याच्या बापूंची माळ घातली आहे, माळ गळ्यापासून बेंबीपर्यंत आली, तू अभ्यास कर. ही माळ वनस्पतीच्या काड्यांची असते; काड्या वाळतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. लोक म्हणतात, कावीळ उतरते आहे. मी दुसऱ्या दिवशी तास सुटताना सरांजवळ गेले. मला त्यांना चिडवायचं होतं.

"सर, तुमच्या बापूंची माळ आमच्या वहिनीला लागू पडली. बेंबीपर्यंत आली!"

"वा वा," सर पुस्तकं आवरत म्हणाले. "वहिनी सोता गेल्या होत्या का?"

"नाही, दादाच जाऊन घेऊन आला. वहिनीला सातवा सरून आठवा लागलाय ना, गाडीचे हादरे नकोत म्हणून."

सरांच्या हातातली पुस्तकं खाली पडली. ती त्यांनी उचललीही नाहीत. कावीळ उतरतेय म्हटल्यावर मला छावणीतली ती बाई आठवलीच नव्हती. "झोपून राहाती का लई? बोलन्यात गडबड?" मला माहीत नव्हतं. निरोप्या मुक्कामालाच होता, त्याला शोधलं. तो हसत म्हणाला, परवा वहिनीने वासराला दादाच्या नावाने हाक मारली, सगळं घर हसून राहिलं होतं. सर हसले नाहीत. "चल," म्हणाले. पुढच्या तासाची शंभर पोरं दारात उभी होती, त्यांच्यातून वाट काढत आम्ही स्टँडकडे पळालो. आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता. नांदेडची गाडी लागलेली होती. अहमदपूर येईपर्यंत सर नुसते बोटांनी पुढच्या सीटच्या पत्र्यावर ताल धरत होते. मी मनात देवाला म्हणत होते, एक आचारी तरी शुद्धीवर ठेव रे.

लोह्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच बापूंची झोपडी. बाहेर पाच-सात रोगी बसलेले. गाडी थांबते न थांबते तोच सरांनी खिडकीतून डोकं काढलं आणि फळ्यापुढच्या त्या आवाजात ओरडले, "बापू! चला! तुमची माळ आठव्या महिन्याच्या बाईच्या गळ्यात हाय!"

म्हातारा उठला. काही विचारलं नाही, चपला घातल्या नाहीत. हातातल्या काड्या आणि काड्या कापायचा विळा तसाच धरून गाडीत चढला. कंडक्टरने तिकीटही मागितलं नाही, त्याची कावीळ बापूंनीच उतरवली होती. "कुनी नेली?" एवढंच बापूंनी विचारलं. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या भावानं. 'घरच्या बाईला कावीळ हाय' म्हनला असंल. पोटुशी म्हनला असता तर तुमी दिली नसती, म्हून लपवलं." रस्ता दुभंगावा आणि मी आत जावं, असं मला झालं.

घरी वहिनी खाटेवर पडलेली. हाक मारली की डोळे उघडायची, हसायची, पुन्हा मिटायची. सर आईला म्हणाले, "मावशी, आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायला पायजे." आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "माळ पुरी उतरल्याबिगर भाईर काडायची न्हाई. अर्ध्यावर तुटली तर कावीळ उलटती. बापूंचंच सांगनं हाय." सरांनी यकृत सांगितलं, चिठ्ठी सांगितली, आचारी सांगितला. शंभर पोरांना वेड लावणारा तो धडा आमच्या आईवर पालथ्या घड्यावर पाण्यासारखा गेला. दादा मान खाली घालून भिंतीला टेकलेला.

तेव्हा बापू पुढे झाले. खाटेपाशी वाकले, वहिनीच्या गळ्यातली माळ दोन बोटांत धरली आणि विळ्याने कचकन कापली.

"माझी माळ. मीच तोडली. आता कावीळ उलटली तर माझ्यावर उलटंल. जीप आना."

आई बाजूला झाली. पंधरा मिनिटांत काळी-पिवळी जीप दारात होती. नांदेडपर्यंत वहिनीचं डोकं बापूंच्या मांडीवर होतं, आणि सर तिला एकसारखे प्रश्न विचारत होते, वासराचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, चिठ्ठ्या संपवणारं औषध आमच्याकडेही नाही. (चिठ्ठ्या हा शब्द सरांचा, त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही शिकवला!) पण आचारी उभा राहीपर्यंत बाकीचं घर सांभाळता येतं, आणि आणखी एक-दोन दिवस उशीर झाला असता तर तेही जमलं नसतं. अकराव्या दिवशी वहिनीने मला नावाने हाक मारून पेज मागितली. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्षरशः नाचले. वहिनीची मुलगी मुक्ता वेळेआधी जन्मली, ओंजळीएवढी, पण काय रडायची! जगली.

पुढच्या आठवड्यात क्लासला गेले तर शेवटच्या रांगेत बापू. पागोटं मांडीवर घेऊन बसलेले. सर विषाणू शिकवून राहिले होते. मधेच बापूंनी हात वर केला. "दत्ता, त्ये चिठ्ठीचं पुन्ना सांग." सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी त्यांना इतकं सावकाश, इतकं हळू शिकवताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. संपल्यावर बापू म्हणाले, "म्हंजे मी इतकी वर्सं दुसऱ्याच्या लग्नात वाढप्या होतो म्हन की." सर म्हणाले, "नुसते वाढपी न्हाई, बापू. त्या दिवशी माझं कुनी ऐकलं न्हाई. तुमचं ऐकलं." आणि डोळे पुसायला फळ्याकडे वळले.

मी डॉक्टर झाले नाही, तेवढे मार्क पडले नाहीत. नांदेडला पाण्याचे नमुने तपासते. तपासणीचं रसायन टाकल्यावर क्लोरीनच्या पाण्याला पिवळा रंग आला की मला आजही टेकाळे सरांची परात आठवते आणि हसू येतं. बापू जाऊन बरीच वर्षं झाली. सर गेल्या पावसाळ्यात गेले, हृदयविकाराने, वर्ग चालू असताना. आम्ही सगळे त्यांच्या गावी गेलो होतो. रस्त्याकडेची झोपडी अजून आहे. दारावर पत्र्याची पाटी आहे, त्याच जुन्या शेडच्या पत्र्याची. मजकूर बापूंनी सांगितला, अक्षर सरांचं.

परवा मुक्ता रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्याबरोबर तिथे आली होती. पुसट झालेली अक्षरं तिने एकेक करून गिरवली. मग मागे सरून म्हणाली, "आत्या, आता ॲम्ब्युलन्स येते. तसं लिहू का?" मी म्हटलं, नको, आहे तसंच राहू दे.

'पोटुशी असाल तर खोटं बोलू नका. माळ मिळणार नाही. जीप मिळेल.'