मोटरीचा मालक नंबर

माझं आल्याचं पीक माझ्या दिरानं जाळलं. काडी लावून नव्हे, उंब्रजच्या आपल्या खताच्या दुकानात गल्ल्यावर बसून, हातातल्या मोबाईलवरून.

आमची विहीर सामाईक, मोटर एकच आणि पाण्याची पाळी आलटून पालटून. नवरा फौजेत, त्यामुळे आमच्या वाट्याचं रान मीच बघते. मोटरीला मोबाईलवर चालणारा बॉक्स बसवायचं ठरलं तेव्हा मलाही आनंद झाला होता. घरून मिस कॉल द्यायचा, मोटर चालू. पुन्हा दिला की बंद. त्या बॉक्सात एक सिम घालावं लागतं. हायवेच्या कडेला छत्री लावून वाटलेली फुकटची सिमं दिरानं इतकी घेऊन ठेवली होती, की त्याच्या नावावर आणखी एक मिळेना.

"वैनी, जरा अंगठा द्या की," म्हणाला. मी दिला. सिम माझ्या नावावर आलं आणि बॉक्सात मालक म्हणून नंबर भरला गेला त्याचा. बॉक्स फक्त त्याचंच ऐकायचा, आणि मोटर चालू झाल्याचा मेसेजही त्यालाच जायचा.

"माझाबी नंबर घाला की त्यात," मी म्हटलं.

"आवं वैनी, तुमाला कशाला त्यो ताप? मी हाय की."

गेल्या उन्हाळ्यात मी आलं लावलं. कोंब नुकते वर आले होते आणि माझ्या पाळीला मोटर बंद. फोन केला की म्हणायचा, "रेंज न्हवती, वैनी." मग मी स्वतःच विहिरीवर जाऊन बटण दाबायला लागले. एकदा दाबून तिथंच उभी राहिले. पाणी पाइपात शिरतंय तोवर मोटर थांबली. विहिरीवरच्या खोपीतला बल्ब मात्र लख्ख जळत होता, म्हणजे लाईट होती. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या पाळीचं पाणी विहिरीत साठत होतं आणि त्याच्या पाळीला त्याचा ऊस ते पीत होता.

कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगत राहिली, कृपया मालक नंबरवरून संपर्क करा. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "घरातली गोष्ट हाय, लय ताणू नगंस." मी ताणलं नाही. कोंब पिवळे पडले, मग वाळले. त्या दिवसापासून मी दिराला मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

यंदा जुनं नेटवर्क बंद झालं आणि आमचा बॉक्स मुका झाला. कंपनी जुना घेऊन नवा देत होती, पण सांगलीजवळ, कुपवाडच्या ऑफिसात. दीर मोठ्या ऐटीत गेला आणि हात हलवत परत आला. सिम ज्याच्या नावावर, अंगठा त्याचाच लागणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी माझ्या दारात.

"वैनी, जरा सांगलीकडं जाऊन येऊ. येताना भडंग घिऊ."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं. मी पदर सावरून ऐसपैस बसले.

ऑफिसातल्या पोरीनं माझा अंगठा घेतला. मशीनवर हिरवा दिवा लागला.

"मालक नंबर कोणता घालू?" तिनं विचारलं.

दिरानं तोंड उघडायच्या आत मी माझा नंबर सांगायला लागले, एकेक आकडा सावकाश.

"वैनी! आवं, माझा सांगा की!"

"भावजी, तुमाला कशाला त्यो ताप? मी हाय की."

येताना भडंग काही घेतला नाही.

यंदा त्यानंही आलं लावलंय. परवा त्याची पाळी होती. त्यानं विहिरीवर जाऊन बटण दाबलं असणार, कारण मोटर चालू झाल्याचा मेसेज मला आला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या बोटानंच बॉक्सला मिस कॉल दिला. थोड्या वेळानं पुन्हा मेसेज, पुन्हा माझा मिस कॉल. मग त्याचा फोन यायला लागला. मी तो वाजू दिला. सगळ्या भाकरी झाल्या, तवा उतरवला, हात धुतले आणि मग उचलला.

"वैनी, कोंब वाळाय लागल्यात."

"व्हय का? रेंज न्हवती, भावजी."