ठोंबऱ्यांच्या सेटमधली घूं

एका खोलीत चार मराठी माणसं आणि एक बिघडलेलं यंत्र ठेवा, किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. आम्ही जयपूरला बदली होऊन आलेली मंडळी. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, मी विम्यात. ऐंशीच्या दशकातल्या त्या दिवसांत दर रविवारी सकाळी आदर्श नगरात ठोंबऱ्यांकडे आम्ही गाणं ऐकायला जमायचो. निदान घरी तसं सांगायचो. प्रत्यक्षात वर्षभर आम्ही तिथे एकच आवाज ऐकला, आणि तो गाण्याचा नव्हता.

ठोंबरे बँकेत मॅनेजर, मूळचे अमरावतीचे. मेहुण्याने मस्कतहून अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर आणि कमरेएवढे दोन स्पीकर आणून दिले होते. सेट झकास. फक्त स्विच दाबला की आतून 'घूंऽऽ' सुरू व्हायचं. गाणं लावा नाहीतर लावू नका, घूं हजर!

*

ठोंबऱ्यांचा देवावर विश्वास नव्हता, कार्यकारणभावावर होता. घरातलं एकेक उपकरण बंद करत जायचं, दोषी आपोआप सापडेल, असं त्यांनी जाहीर केलं. महिना मे. आधी फ्रिज बंद झाला, मग कूलर, मग पंखे. आम्ही घामाच्या धारांत स्पीकरकडे कान लावून बसलो.

पंधराव्या मिनिटाला घूं थांबली. ठोंबऱ्यांनी शेजारी बसलेल्या रेल्वेतल्या गायकवाडांना मिठीच मारली. कूलरचाच दोष होता की पंख्याचा, यावर आमचा वाद पेटला. तेवढ्यात शैलावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, लाइट गेली आहे."

*

मग मुरलीपुऱ्याहून रामस्वरूपजींना बोलावलं. रेडिओदुरुस्तीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. त्यांनी झाकण उघडलं, आत फुंकर मारली, दोन वायरी हलवल्या आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग एकेक स्क्रू शांतपणे परत बसवला.

ठोंबऱ्यांनी अधीर होऊन निदान विचारलं. रामस्वरूपजी हात पुसत म्हणाले, "साहब, मशीन बिल्कुल ठीक है. आप लोग सुनते बहुत हैं."

*

त्यांचं तरी काय चुकलं? एकदा मी पुण्याहून मुद्दाम मागवलेली एका बुजुर्ग गवयाची रेकॉर्ड घेऊन गेलो. अख्खी बाजू सगळ्यांनी डोळे मिटून ऐकली. विलंबित झालं, द्रुत झालं, कुणी हललं नाही. मला धन्य वाटलं. सुई उचलल्यावर मी विचारलं, कशी वाटली?

गायकवाड डोळे न उघडता म्हणाले, "डाव्या बाजूला जास्त आहे."

*

दिवाळीनंतर वहिनींचा धीर सुटला. त्यांनी आमच्यादेखतच ठोंबऱ्यांना सुनावलं, "गाण्याचं माझं काही म्हणणं नाही. पण ही घूं स्वयंपाकघरात येते, डोक्यात येते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत गेली तर ठीक, नाहीतर हे धूड माझ्या दादाकडे परत जाईल. त्या कोपऱ्यात माझी गौर बसेल."

ठोंबऱ्यांचा चेहराच उतरला. मला खरंच वाईट वाटलं. पंधरा वर्षांत सहा बदल्या झालेल्या त्या माणसाने स्वतःसाठी म्हणून घरात ठेवलेली ती एकच वस्तू होती.

*

शेवटी सूत्रं गायकवाडांनी हाती घेतली. ते रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर, खातीपुऱ्याहून स्कूटरवर यायचे. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ कच्च्या अर्थिंगमध्ये असतं. त्यांनी ठोंबऱ्यांच्या फाटकाजवळ खड्डा खणवला, कोळसा-मीठ भरलं, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती दगड रचले आणि तिथून तांब्याची तार थेट अँप्लिफायरला आणली. घूं निम्मी झाली. उरलेल्या निम्मीसाठी त्यांनी रेल्वेचा नियम सांगितला: जमीन ओली राहिली पाहिजे, पाइपात रोज पाणी.

ठोंबरे अंघोळ झाली की पंचा नेसून, अनवाणी, तांब्या घेऊन फाटकाशी जायचे. खिडकी उघडी ठेवून आत सेट चालू केलेला असायचा. पाणी ओतायचं आणि घूं कमी होते का ते ऐकायला डोळे मिटून उभं राहायचं. व्हायची कमी. पण जयपूरची वाळूच ती, दुपारपर्यंत सगळं पिऊन टाकायची. संध्याकाळी घूं परत आपल्या जागी!

हळदीकुंकवाला आठवडा उरला आणि घूं एकदम बंद. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. ठोंबऱ्यांनी आम्हाला तातडीने बोलावून घेतलं. वहिनींनी दोन्ही स्पीकरना कान लावून पाहिला आणि गौर बेडरूममध्ये बसवायचं कबूल केलं. ठोंबरे आम्हाला तासभर विज्ञान समजावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गायकवाड पुन्हा गेलो, तर फाटकाशी गर्दी. पाइपाला शेंदूर, लाल धागा, दगडांवर बताशे. गल्लीतल्या दहा-बारा बायका लोटे घेऊन रांगेत उभ्या. काल ठोंबरे बँकेत गेल्यावर त्या नुसतं पाणी घालून गेल्या होत्या, आज पूजेचं सामान घेऊन आल्या होत्या. बँकेतला एवढा शिकलेला साहेब रोज सकाळी अनवाणी जाऊन डोळे मिटतो, म्हणजे काहीतरी असणारच, हे त्यांनी ओळखलं होतं. गायकवाड पुटपुटले, "बारा लोटे. आमच्या खात्याला एवढं पाणी कधी मिळालं नाही."

ठोंबरे तांब्या घेऊन बाहेर आले आणि जागीच थिजले. जन्मात कुठल्या देवळाची पायरी न चढलेला माणूस! ते आता सगळ्यांना समजावून सांगणार, म्हणून मी सरसावलो. तेवढ्यात रांगेतल्या सर्वांत वडील बाईंनी डोक्यावरचा पदर सावरून त्यांना अदबीने विचारलं, "साहबजी, इनका वार कौन सा है? सोम कि मंगल?"

ठोंबऱ्यांनी एकदा पाइपाकडे पाहिलं. एकदा खिडकीतून दिसणाऱ्या सेटकडे पाहिलं. मग तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले.

"रोज का है, माताजी. गर्मियों में दिन में दो बार."