झेंडूच्या हाराखालचे दिवे

सुकत आलेल्या झेंडूचा वास आला की मला लातुरातल्या क्लासच्या गल्लीतलं आमचं सायबर कॅफे आठवतं. इंटरनेट सारखं जायचं, म्हणून भावाने दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या आणि त्या जोडायची पेटी आणायला आम्ही नांदेडला गेलो. दुकानदाराने दोन पेट्या दाखवल्या. एक लाइन गेली की ओरडणारी, दुसरी मुकाट्याने उरलेल्या लाइनीवर जाणारी. "ही न्या, लाइन गेलेली तुमाला कळणार बी न्हाई," तो म्हणाला. भावाला तेच पाहिजे होतं. "पोरं अभ्यास करायलीत, किरकिर नको." दसऱ्याला त्याने पेटीला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. पूजेचा हार म्हणून तो सुकला तरी कुणी काढला नाही. पुढे प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी किल्लारीहून एक मुलगी वडिलांसोबत जीपने आली. फॉर्म निम्मा भरला आणि इंटरनेटच बंद पडलं. भावाने हार बाजूला सारला, तर खाली पेटीवरचे दोन्ही लाइनींचे दिवे लाल. एक लाइन केव्हाच गेली होती, दुसरी आत्ता गेली. दोघं दुसऱ्या कॅफेकडे पळाली, पण तिथल्या रांगेतच मुदत टळली. राहिलेली पिशवी न्यायला परत आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "हाव, व्हतंय असं. चल माय." मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या निम्म्या फॉर्मकडे बघत उभी होती. आता माझ्या दुकानातली पेटी लाइन गेली की कोकलते, गिऱ्हाइकं वैतागतात, पण मी आवाज बंद करत नाही. त्या मुलीला आता त्याचा काय उपयोग?