रेषा उसळल्या तेव्हा

बेशुद्ध आईच्या डोक्याला तारा चिकटवल्या होत्या. मेंदूतली वीज इतकी क्षीण, की घड्याळातला सेलसुद्धा तिच्यापुढे दांडगा. पण हे यंत्र तीही टिपतं म्हणे. पडद्यावरच्या रेषा जवळजवळ सपाट होत्या. न राहवून मी आईच्या कपाळावर हात ठेवला, आणि रेषा एकदम उसळल्या.

"बघा, आईला कळलं!"

"ताई, हात काढा," टेक्निशियन हळूच म्हणाले. "यंत्र फार नाजूक आहे. ही तुमच्या हाताची थरथर आहे."

मी हात काढला. रेषा पुन्हा निजल्या.

हाक मारली की तिची पापणी हलते, असं मी रोज सगळ्यांना सांगत होते. आता मला तिला हाक मारायचीच भीती वाटते; तोही माझाच भास निघाला तर?